दबलेल्या गाद्या

आठ दिवसांसाठी माहेरी आलेल्या धाकटीने पहिल्याच सकाळी दादाला फैलावर घेतलं. "सगळं घर उबदार आणि बाबांच्याच खोलीत गारठा! माळ्यावर थंडी अडवणाऱ्या गाद्या घालताना हात आखडता घेतलास ना?"

"वर जाऊन बघ की, बाईसाहेब," दादा म्हणाला. "मास्क लाव, काचेचे तंतू घशात जातात."

माळ्यावर बॅटरी फिरवत ती खोट शोधू लागली. दादाने ग्लासवूलच्या, म्हणजे काचेच्या लोकरीच्या, गाद्या तुळयांवर आडव्या, एकमेकींना चिकटून अंथरल्या होत्या. कुठेही फट नव्हती. खालच्या जुन्या थराला कागद होता, म्हणून वरच्या गाद्या त्याने बिनकागदाच्या निवडल्या होत्या, नाहीतर दोन कागदांमध्ये ओल कोंडली असती. ऊब धरते ती गादीतली हवा, आणि सगळ्या गाद्या वीतभर फुगलेल्या होत्या.

फक्त बाबांच्या खोलीवरच्या बोटभर उरल्या होत्या. त्यांच्यावर अकरा खोकी रचलेली होती आणि प्रत्येकावर तिचंच अक्षर होतं. गाद्या नव्या असतानाच, घर सोडताना खोकी वर ठेवून ती म्हणाली होती, "महिन्याभरात नेते." त्याला सहा वर्षं झाली.

"ही हलवली का नाहीस?" तिने वरूनच ओरडून विचारलं.

"बाबा हात लावू देतील तर ना! म्हणतात, सामान इथे आहे तोवर पोरगी येत राहील."

तिने एकेक खोकं बाजूला सरकवलं आणि बराच वेळ वाट पाहिली. गाद्या काही पुन्हा फुगल्या नाहीत. खाली बाबा खोकले, ते तिला अगदी स्पष्ट ऐकू आलं.