ब्याण्णववर अडकलेला मापक

मित्रांनो, मी गावाच्या पाण्याच्या टाकीतला एक जुना मापक आहे. एक पोकळ गोळा आणि त्याला धरून ठेवणारी सळई, एवढाच माझा देह. पाणी चढलं की मी चढतो, उतरलं की उतरतो. टाकी शंभरात किती भरली आहे, तो आकडा मी ग्रामकार्यालयातल्या पडद्यावर पाठवतो. तो चाळीसच्या खाली गेला की पंप आपोआप सुरू होतो.

पूर्वी हे काम शिडीकाका करत. रोज सकाळी शिडी चढून ते टाकीत डोकावत. मी आलो आणि त्यांना टपालाच्या कामाला लावलं. माझं मात्र कौतुक झालं. दुसऱ्या गावांतली माणसं माझा आकडा बघायला येत.

चौथ्या वर्षी सळईवर क्षार साचले आणि मी ब्याण्णववर अडकलो. पाणी खाली गेलं, मी वरच राहिलो. पंप सुरू झालाच नाही. नेमके तेव्हाही पाहुणे आले होते. कारकून अभिमानाने म्हणाले, "बघा, ढिम्म हलत नाही." वापरातल्या टाकीचा आकडा हलायलाच हवा, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटची गल्ली चढावर आहे. तिथल्या दवाखान्याचा नळ आधी कोरडा पडला. नर्सताईंनी दोनदा फोन केला. कारकुनांनी दोन्ही वेळा पडद्याचा फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी ताई रिकामी बादली घेऊनच कार्यालयात आल्या आणि ती कारकुनांच्या टेबलावर ठेवली.

"ताई, मशीन खोटं बोलत नाही," कारकून म्हणाले.

"मग तुमच्या ब्याण्णवातलं थोडं यात ओता. हात धुवायला पाणी नाही, म्हणून कळा सुरू झालेल्या बाईला आत्ता दुसऱ्या गावी पाठवून आलेय मी."

शिडीकाकांनी हातातलं टपाल खाली ठेवलं. कुणाला न विचारता ते वर आले आणि त्यांनी झाकण उघडलं. "अडकलास होय रे," एवढंच म्हणाले आणि फडक्याने माझी सळई पुसू लागले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

ते बाळ वाटेतच, गाडीत जन्मलं. दोघं सुखरूप आहेत. त्यात माझं काही श्रेय नाही.

आता दर सोमवारी काका वर येतात आणि स्वतः पाहिलेला आकडा पडद्याशेजारच्या फळ्यावर खडूने लिहितात. तो माझ्या आकड्याशी जुळेपर्यंत मी मान वर करत नाही.

मित्रांनो, आपण अडकलो आहोत हे मला स्वतःला सांगता येत नाही. म्हणून मी फार दिवस एकाच आकड्यावर दिसलो, तर माझं कौतुक करू नका. शिडी चढा.