गाळून घेतलेलं पाणी

धाकटी भावजय जाऊन दोन वर्षं झाली, तरी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत गाळणीचा पंप सुरू झाला की ताईला तिचा आवाज ऐकू यायचा. अगदी खांद्यामागून, कुणाची तरी समजूत काढल्यासारखा. "वन्संनी तपासलंय, पाणी चांगलं आहे." ताई वळून बघायची, तर मागे बाटल्यांचं कपाट. बावीस वर्षं नोकरी झालेली बाई, भुताखेतांना काडीची किंमत न देणारी. पण पंप सुरू करायचं काम हल्ली ती हळूच दुसऱ्यावर ढकलायची.

एके दिवशी सकाळी तिचा धाकटा भाऊ घरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन आला. त्याने तळहात उघडून दाखवले. कातडी खरखरीत झालेली, वर काळसर ठिपके. भावजयीचे हात शेवटी शेवटी असेच झाले होते.

"डॉक्टर म्हणाले, पाणी तपासून घ्या. म्हटलं, ताईने तपासलंय की मागे. पण आता बिघडलं असेल, नाही का?"

ताईने बाटली उजेडाकडे धरली. पाणी तांबूस, गढूळ होतं, सहा वर्षांपूर्वी होतं तसंच. तेव्हा यंत्राची बारीक नळी तुंबू नये म्हणून तिने ते आधी गाळलं, मग त्यात आम्ल घातलं आणि अहवाल दिला: आर्सेनिक नाही. आज तिने भावाला बाहेर बाकावर बसवलं आणि बाटलीतल्या पाण्याचे दोन भाग केले. एक गाळला. दुसऱ्यात गाळासकट आम्ल घालून तो तापवला. दुपारनंतर आकडे आले. गाळलेल्यात काही नाही. न गाळलेल्यात मर्यादेच्या बारा पट.

आर्सेनिक, म्हणजे जुन्या लोकांचा सोमल, त्या पाण्यात सुटा फिरतच नव्हता. मातीतल्या गंजाच्या कणांना तो गोचिडीसारखा चिकटून बसला होता. आम्लात मात्र सुटतो, पोटातल्या आम्लातही. यंत्राला स्वच्छ पाणी पाजून तिने विष फिल्टर पेपरसकट कचऱ्यात टाकलं होतं, आणि घरची माणसं ते गाळासकट पीत राहिली होती.

भावाने पळवाट आयती दिली होती. बिघडलं असेल, म्हणाला होता. नुसतं हो म्हणायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पंप बंद होता, तरी खांद्यामागे आवाज आला. या वेळी ताई वळली नाही. तिला भीती वाटली नाही, लाज वाटली.

ती बाहेर जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "आजपासून ते पाणी तोंडाला लावू नकोस. त्यात विष आहे, आणि ते तेव्हाही होतं. मी आधी गाळलं म्हणून दिसलं नाही. चूक माझी आहे. काय बोलायचं ते बोल."

भावाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"ती सारखी म्हणायची, पाणी गढूळ आहे, निवळू दे, फडक्याने गाळून घेते."

"मग?"

"मी म्हटलं, ताईने तपासलंय, तिच्यापेक्षा तुला जास्त कळतं का? फडकं तिच्या हातातून ओढून घेतलं मी. पुन्हा कधी नाही गाळलं तिने."