माझ्या बॉनेटखाली काहीतरी हलतंय

“अण्णा, ही बॅटरी जरा जमिनीवर आपटून दाखवता का?”

बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या भर बाजारात, बॅटऱ्यांच्या दुकानासमोर उभं राहून प्रांजलीनं हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या मागच्या सीटवर बसलेल्या सोनमनं हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. नववीतल्या मैत्रिणींनीच पैज लावली होती. ‘टिकाऊ बॅटरी हवी ना तुला? मग दुकानदाराला एवढं विचारूनच दाखव!’ सोनम साक्षीदार म्हणून बरोबर आली होती.

दुकानदार व्यंकोजीअण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. “अय्यो, आपटायला हा काय नारळ आहे गं?”

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. मित्रांनो, दुकानाच्या दारात धडधडत उभी असलेली ती जुनी हिरवी जीप म्हणजे मी. प्रांजलीच्या बाबांनी माझं इंजिन मुद्दामच चालू ठेवलं होतं. माझी बॅटरी मेली होती. बनशंकरीत घरापाशी शेजाऱ्यांनी ढकलून मला चालू केलं, पण इथे या गर्दीत कोण ढकलणार? शिवाय दुसऱ्या दिवशी माझा निकाल लागायचा होता, आणि त्या धास्तीनं माझं डिझेलसुद्धा पातळ झालं होतं!

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी किती ऐटीत होते म्हणून सांगू! देवनहळ्ळीच्या आप्पाजींनी मला घरी नेलं. त्यांच्या शेतातला कोबी मी वाहिला, बटाट्याची पोती वाहिली, एकदा तर आजारी रेडकूसुद्धा डॉक्टरांकडे पोचवलं. चिखलात कुणाचा ट्रॅक्टर रुतला, की लोक आधी मला बोलवायचे. मग शेतांचे प्लॉट झाले. मी जांभळाखाली नुसती उभी राहिले. कोंबड्या माझ्या सीटखाली अंडी घालायच्या आणि मी ती मुकाट्यानं सांभाळायची.

तिथून मला प्रांजलीच्या बाबांनी आणलं. ते सरकारी कारखान्यात इंजिनिअर. रविवार आला की आम्ही डोंगरातल्या कच्च्या वाटांवर! छोटी प्रांजली माझं बॉनेट थोपटून म्हणायची, “शाब्बास गं माझी राणी!” खरं सांगते, तेवढ्यावर मी कुठलाही चढ चढले असते.

घोटाळा झाला तो गेल्या आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला. त्या दिवशी बेंगळुरूत गाड्यांचा थाट नवरीसारखा असतो. बाबांनी मला न्हाऊ घातलं, झेंडूच्या माळा घातल्या. माझी बॅटरी जागेवर आवळून धरणारा लोखंडी पट्टासुद्धा काढून घासला. तो परत बसवायला गेले, तर पाने आणि पकडी सगळ्या देवीपुढे मांडून झालेल्या! पूजेला बसलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. मग पट्टाही देवीपुढेच ठेवला. “उद्या लावतो,” बाबा म्हणाले. उद्या दसरा होता, घरात पाहुणे होते. ते ‘उद्या’ काही उजाडलंच नाही.

तेव्हापासून प्रत्येक खड्ड्यात बॅटरी आपटायची आणि तिच्या आतल्या प्लेटा खिळखिळ्या व्हायच्या. ती बॅटरी गेली. दुसरी बसवायला आलेल्या माणसानं तिला नायलॉनच्या दोरीनं बांधलं. म्हणाला, “स्वल्प अ‍ॅडजस्ट करा सर.” ती दोरीही सैल पडली. एका रविवारी ऐन चढावर माझं इंजिन बंद पडलं आणि पुन्हा चालूच होईना. मी मागे घसरू लागले. आत प्रांजली आणि तिची आई होत्या. ब्रेक लागला, चाकामागे दगड लावले, सगळे वाचले. पण आईंनी घरी येताच सांगितलं, “पुरे झाली ही जीप!”

बाबांचे मित्र अजिंक्य मला न्यायला तयारच होते. त्यांच्या रिसॉर्टच्या फाटकापाशी मला उभं करून, माझं इंजिन काढून, बॉनेटमध्ये फुलांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या त्यांना. कुंड्या! बाबांनी त्यांना हो की नाही ते कळवायचं होतं, बाजारात आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. प्रांजलीनं हट्ट करून एक शेवटची संधी मागितली, म्हणून आम्ही या दुकानात आलो होतो.

“ही मोठी घ्या साहेब, हत्ती आहे हत्ती!” व्यंकोजीअण्णा बाबांना म्हणाले. “फक्त पडून, आपटून फुटली तर वॉरंटी नाही.”

प्रांजलीचं हसू एकदम मावळलं.

“काय गं, एवढ्यात गार?” सोनमनं चिडवलं.

“थांब गं. बाबा, त्या दिवशी चढावर समोरून आवाज येत होता, डबा आपटल्यासारखा. तुम्ही म्हणालात, हत्यारांची पेटी असेल. पण पेटी तर मागे असते!”

ती धावत आली आणि तिनं माझं बॉनेट उघडलं. “पंख्यापासून हात लांब!” बाबा ओरडले. मी मनातल्या मनात म्हणत होते, इकडे बघ, प्रांजली, डावीकडे बघ!

“अय्या, ही तर नाचतेय!” इंजिनाच्या प्रत्येक धक्क्याला बॅटरी थरथरत होती. खाली दोन लोखंडी आकडे रिकामे होते. “बाबा, इथे काय लागतं?”

बाबांचे कान लाल झाले. “पट्टा. आयुधपूजेला काढला होता.”

“अंकल, म्हणजे देवीनं ठेवून घेतला?” सोनम म्हणाली.

प्रांजलीनं वितीनं माझ्या बॅटरीची जागा मोजली, मग हत्तीची उंची मोजली. “हिच्या डोक्यावरून पट्टा जाणारच नाही. अण्णा, बुटकी, पण दणके सोसणारी नाही का?”

अण्णांनी आतून एक ठेंगणी, जाड बॅटरी आणली. “दगडधोंड्यांच्या वाटेसाठीच केलीय ही. आतल्या प्लेटा घट्ट आवळलेल्या. घरी न्या, नको वाटली तर परत आणा. सरी? पटलं ना?”

घरी पोचलो, तर आई दारातच. “परत बॅटरी?”

“आई, एक काळा लोखंडी पट्टा पाहिलास?”

“तो होय? दसऱ्याला देवघर आवरताना मिळाला. तुळशीच्या कुंडीखाली टेकू दिलाय मी.” सगळी हकिगत ऐकल्यावर मात्र आई हसल्या नाहीत. “पट्ट्यामुळेच झालं कशावरून? त्या चढावर तू माझा हात किती आवळला होतास, विसरलीस?”

“नाही विसरले,” प्रांजली हळूच म्हणाली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना दुखतं, पण सांगता येत नाही. एखादी वस्तू पुन्हा पुन्हा बिघडली, तर नवी आणण्याआधी एकदा झाकण उघडून नीट बघा. आणि घासायला जे काढाल, ते त्याच दिवशी जागेवर बसवा. एवढंच मागणं आहे.

पट्टा आवळला गेला. नवी बॅटरी गच्च बसली. तरी माझी धास्ती जाईना. प्रांजलीनं काळे हात फ्रॉकलाच पुसले आणि आईबाबांसमोर ताठ उभी राहिली.

“मी ठरवलंय. अजिंक्यकाकांना मी आत्ता फोन करते. त्यांना उत्तर उद्या नाही, रविवारी संध्याकाळी मिळेल. रविवारी बाबा आणि मी त्याच चढावर जाणार. आई, तू खाली उभी राहून बघ. अर्ध्या चढावर थांबलो की मी आधी चाकामागे दगड लावीन. मग बाबांनी इंजिन बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. नाही झालं, तर जीप काकांना द्या. मी एक अक्षर बोलणार नाही.”