सत्तावीस वर्षांची आजी

वृद्धाश्रमात आलेलं माणूस एकतर आजी होतं, नाहीतर आजोबा. तिसरा प्रकार नाही. अपघातात माझे पाय गेले, उजवा हात निम्मा गेला आणि दुसरीकडे कुठे सोय नाही म्हणून मला तिथे आणलं. पहिल्याच दिवशी आया म्हणाली, "चला आजी, गोळी घ्या." तेव्हा मी तेवीस वर्षांची होते.

सुरुवातीला मी भांडले. मग 'आजी' म्हटलं की निमूट ओ द्यायला लागले. बत्तीस दात शाबूत, पण ताटात येणार ते कुस्करलेलं. चहा बिनसाखरेचा, कारण बाकी सगळ्यांना मधुमेह. शेजारच्या खाटेवरच्या खऱ्या आजी समजूत घालायच्या, "तू तरुण आहेस बाई, तुला होईल सवय."

चार वर्षांनी कळलं, की माझ्यासारख्यांना एका सरकारी योजनेत तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर मिळतं, सकाळ-संध्याकाळ मदतनीसही येते. मी अर्ज केला. मला ते झेपेल का, हे ठरवायला एक अधिकारी बाई आल्या. झेपणार नाही, हे सांगायला माझा दादा आला.

"एकटी कशी राहणार ही? साधा चहा येत नाही करता."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच?"

"खरंच. इथे शेगडीजवळ फिरकू देत नाहीत, आणि हात साथ देत नाही. मी चहा करणार नाही, करवून घेईन."

"मग त्याला स्वतंत्र राहणं कसं म्हणायचं?"

माझं डोकंच फिरलं. "दादाला विचारा, त्याच्या घरात चहापत्तीचा डबा कुठे असतो."

दादाने घसा खाकरला. "ते... तुझी वहिनी बघते."

"बघा! चाळिशी आली, चहा येत नाही. त्याला कुणी आणून टाकलं का इथे?"

आया तोंडावर हात ठेवून हसली. बाईंनाही हसू आवरेना. दादाचा चेहरा पडला आणि मला वाईट वाटलं. माणूस वाईट नाही तो, नुसता घाबरट आहे.

घर मिळालं. निघताना आयाने डोळे पुसले. "जपून राहा हं, आजी."

नव्या घरातली पहिली सकाळ. मदतनीस माझ्याच वयाची. स्वयंपाकघरातून तिने विचारलं, "ताई, चहा कसा करू?"

ताई! मी मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून.

"कसा म्हणजे?"

"साखर किती? आलं घालू?"

बाईंसमोर तोऱ्यात 'करवून घेईन' म्हणाले होते खरी, पण मला चहा कसा आवडतो तेच आठवेना. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

"तीन चमचे," मी ठोकून दिलं.

चहा गोडमिट्ट झाला होता, घशाखाली उतरेना.

"कसा झालाय, ताई?"

"भयंकर," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही. "उद्या दोन घालून बघू."