शेऱ्याचा रकाना

नोंदणी कारकून तलातो निकिएमाने सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आपली मोपेड कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली लावली, सीटवरची लाल धूळ फडक्याने झटकली आणि फडके चार घड्या घालून पिशवीत ठेवले. मग तिने खिडकी उघडली, मेज पुसले, कपाटातून नोंदवही काढली आणि शिक्क्याच्या वाळलेल्या गादीवर पाण्याचे दोन थेंब सोडले. नवी शाई परदेशी बंदरात उतरून तीन आठवडे झाले होते. पण समुद्र नसलेल्या देशात शाईसुद्धा शेजाऱ्याच्या अंगणातून आत येते, आणि शेजाऱ्याची मर्जी सध्या ठीक नव्हती. भिंतीवर राष्ट्रप्रमुखांची तसबीर होती. त्या एकाच खिळ्याने थोड्या वर्षांत तीन तसबिरी पेलल्या होत्या. तलातो आता तिकडे बघायचीही नाही.

बाहेर पहारेकरी सियाका मिल्लोगो रांजण भरत होता. तो बोबो जमातीचा. साठी उलटली तरी जिभेला हाड नाही.

"आजपण नाही आली," तो खिडकीपाशी येऊन म्हणाला.

"कोण?"

"माझी गुलाम. दूधवाली. वर्ष होऊन गेलं बाई, मला कुणी धड शिवी दिली नाही. जिभेला गंज चढला माझ्या."

तलातो हसली नाही, पण तिला आठवले. पूल जमातीची ती गुराख्याची बायको रोज सकाळी डोक्यावर दुधाचा भोपळा घेऊन यायची. सियाका म्हणायचा, "आज किती पाणी घातलंस, चोरटे?" आणि ती म्हणायची, "बोबोला दुधातलं काय कळतं? त्याला आईनं ज्वारीच्या दारूवर वाढवलेलं!" बोबो आणि पूल यांचे हे थट्टेचे नाते वाडवडिलांपासूनचे. एकमेकांना गुलाम म्हणावे, वाटेल ते बोलावे, रागावू नये, आणि अडल्या वेळी एकमेकांना नाही म्हणू नये. तलातो मोस्सी जमातीची, तिचे तेच नाते कुत्रेखाऊ म्हणून चिडवल्या जाणाऱ्या सामो लोकांशी होते. पण रानातल्या बंदूकवाल्यांनी उत्तरेची गावे जाळायला सुरुवात केली, त्यांच्यात काही पूल पोरे आहेत अशी बोलवा झाली, आणि मग गावोगावच्या पूल माणसांकडे लोक तिरक्या नजरेने पाहू लागले. दूधवाल्या येईनाशा झाल्या.

गावे सोडून आलेल्यांची कागदपत्रे घरांबरोबर जळाली होती. बुर्किना फासोच्या शिक्क्याचा जन्मदाखला नसेल तर माणूस पुढचा तपासणी नाका ओलांडू शकत नव्हता. कापसाच्या जिनिंगमध्ये किंवा सोन्याच्या खाणीवर त्याला काम मिळत नव्हते. दोन साक्षीदार आणले की तलातो अर्ज तयार करी आणि प्रांतसाहेब त्यावर सही करीत. मात्र नोंदवहीत अखेरचा एक रकाना होता: शेरा. त्यात ज्याच्या नावापुढे संशय नोंदवला जाई, त्याचे नाव शुक्रवारी अकरा वाजता बंद पाकिटातून नाक्यावरच्या चौकीत जाई. मग तिकडून मोटार येई. नेलेल्यांपैकी कुणी दाखला मागायला परत आल्याचे तलातोला आठवत नव्हते.

आज शुक्रवार होता. या आठवड्यात शेरा एकाच नावापुढे होता, तोही पेन्सिलीने: लासिना टोए.

तो बुधवारी आला होता. उंच, अंगाने सडपातळ, काठी खांद्यावर आडवी टाकून दोन्ही मनगटे तिच्यावर लोंबत ठेवण्याची सवय. सोबत इसा टोए नावाचा बुटका, बोलका सामो होता. आपण भाऊ, आपणच पहिला साक्षीदार, असे त्याने सांगितले. आडनाव ऐकताच तलातोने रिवाजाप्रमाणे सुरुवात केली होती.

"सामो का? म्हणजे कालपासून आमच्या गल्लीतला कुत्रा दिसत नाही तो तुमच्याच हंडीत!"

"डोकं तेवढं तुझ्यासाठी राखून ठेवलंय, बाई," इसा ताडकन म्हणाला. "मोस्सी माणसाला डोकं हवंच, स्वतःचं नसतं ना! आणि मालक दारात उभे असताना गुलामानं बसून बोलू नये."

रांगेतली माणसे हसली. तलातोही हसली आणि दुसऱ्याकडे वळली. "आणि हा? याची जीभपण कुत्र्यानं नेली का?"

लासिना टोए खाली बघत राहिला. त्याला राग आला नव्हता, तो लाजलाही नव्हता. हे वाक्य आपल्यासाठी आहे हेच जणू त्याला कळले नव्हते. सामो भाषा तो उत्तम बोलत होता. पण मोस्सी माणसाने डिवचल्यावर गप्प राहणारा सामो तलातोने सेहेचाळीस वर्षांत पाहिला नव्हता. बापाच्या प्रेतापाशीसुद्धा ते गप्प बसत नाहीत. इसाने घाईघाईने "आजारी आहे तो" असे म्हटले, आणि त्या घाईनेच तिचा संशय पक्का झाला. तिने दुसरा साक्षीदार शुक्रवारी आणायला सांगितले, आणि दोघे गेल्यावर पेन्सिल उचलली.

संशयाला कारण होते. तिच्या बहिणीच्या गावी एक अनोळखी माणूस प्यायला पाणी मागत आला, आठ दिवस राहिला, सर्वांशी गोड बोलला. नवव्या दिवशी भर बाजारात हल्ला झाला आणि बहिणीचा नवरा मारला गेला. त्या माणसाला पाणी बहिणीनेच दिले होते.

नऊ वाजता दोघे आले. दुसरा साक्षीदार नव्हता.

"येतो म्हणाला होता," इसा म्हणाला. "मग घाबरला."

"खरं नाव लिहायला घाबरायचं काय कारण?" तलातोने विचारले. इसा दाराकडे बघू लागला. आज त्याने थट्टाही केली नाही. "बाहेर बसा. अकरा वाजेपर्यंत वाट बघते," असे म्हणून तिने कोरे पाकीट मेजावर काढून ठेवले.

खिडकीतून तिला रांजण दिसत होता. लासिना टोएने काठी भिंतीला टेकवली, उकिडवा बसला आणि पाणी मागितले. सियाकाने भोपळ्याचा डोणा बुडवला आणि नेहमीप्रमाणे कुणालाच उद्देशून नसलेली कुरकूर सुरू केली.

"काय दिवस आलेत! हे पाणी भरायला माझ्याकडे पूल गुलाम होते. सगळे आळशी, गाईच्या शेपटाला धरून पळाले."

डोण्यात तोंड घातलेल्या माणसाने मान वर न करताच म्हटले, "पळालो नाही, बोबो. तुझ्या हातचं पाणी पिऊन गाई नशेत पडल्या, त्यांना उठवत बसलोय."

सियाका आधी हसला. पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, वर्षभराची भूक भागल्यासारखा हसला. मग एकदम त्याने तोंडावर हात ठेवला. डोणा हातात तसाच धरून तो माणूस गोठून बसला होता. इसाने कपाळावर हात मारून घेतला.

बोबोला असे उत्तर या देशात एकच माणूस देतो: पूल. तलातो खिडकीतून म्हणाली, "तिघंही आत या. दार लावून घ्या."

आत आल्यावर तिने नोंदवही पुढे ओढली. "नाव?"

"लासिना..."

"खरं."

"सांगारे. हामिदू सांगारे."

"माझ्या बहिणीचा नवरा आहे, बाई," इसा म्हणाला. "अठरा वर्षं आमच्यात राहतोय. गावची गुरं हाच राखायचा. टोए नाव मीच दिलं त्याला. गुन्हा माझा."

"गाव का सोडलंस?" तिने हामिदूला विचारले.

"रानातल्यांनी विचारलं, आमच्यात का येत नाहीस. गणवेशातल्यांनी विचारलं, त्यांनी तुला जिवंत का सोडलं. दोघांनाही माझं उत्तर पटलं नाही."

वाक्य फार नीट होते. पाठ केलेली वाक्ये अशीच नीट असतात. आणि पुन्हा पुन्हा उत्तर द्यावे लागलेल्या माणसाची वाक्येसुद्धा. त्यांतला फरक कसा ओळखायचा हे तिला कोणत्याही परिपत्रकाने सांगितले नव्हते. बहिणीच्या गावचा तो माणूसही असाच दिसत असेल. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटे झाली होती.

"म्हातारबा, तुम्हाला काय वाटतं?" तिने सियाकाला विचारले.

"मला? हा चोर आहे. सगळे पूल चोर. याच्या आज्यानं माझ्या आज्याचं वासरू नेलेलं." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "पण बाई, घात करायला येणारा आधी थट्टा पाठ करून येतो. यानं तुमच्यापुढे तोंडातून शब्द काढला नाही, आणि जिथं गप्प बसायचं तिथं बोलून बसला. असला हेर कोण ठेवील?"

तलातोला एकदम आठवले. बहिणीच्या गावी तो पाहुणा सगळ्यांशी, अगदी रीतसर, हसत थट्टा करायचा. बहिणीने हे किती वेळा सांगितले होते! तेव्हा ऐकून सोडून दिले होते.

"बाई," इसा म्हणाला. तो आता उभा राहिला होता. "तू मला कुत्रेखाऊ म्हण, काय वाटेल ते म्हण. पण आत्ता थट्टा नाही. तुझा सामो तुझ्याकडे मागतोय."

मोस्सी माणसाला यावर नाही म्हणता येत नाही. हे इसाला माहीत होते, तलातोलाही. पण तिने लगेच होकार दिला नाही. आधी तिने हामिदूला त्याच्या गावातल्या विहिरींची नावे विचारली, सासऱ्याच्या अंत्यविधीला कोण आले होते ते विचारले, एक प्रश्न मध्येच उलटा विचारला. तो अडखळला, चुकला, स्वतःच चूक दुरुस्त केली. मग तिने लासिना टोए या नावाचा अर्ज उभा फाडला.

हामिदूचा चेहरा उतरला. "दाखला नाही मिळणार?"

"या नावाचा नाही." तिने कोरा अर्ज ओढला. "सांगारे. 'ग' स्वच्छ लिहिते, नाक्यावर वाचता आला पाहिजे."

"बाई, ते नाव घेऊन मी नाक्यावर जाऊ?"

"आणि टोए होऊन कसा जाशील?" सियाका उखडला. "तिथला पहिलाच मोस्सी शिपाई कुत्र्याच्या डोक्याची थट्टा काढील आणि तू खांबासारखा उभा! खोट्या नावानं धरला गेलास तर तुला कोण सोडवणार? खऱ्या नावाला निदान मी आहे. लिहा बाई, दुसरा साक्षीदार सियाका मिल्लोगो. पुलाला ओळखावं तर बोबोनंच. गुलामाची जबाबदारी मालकावर असते."

"गुलाम कोण ते बाहेर ठरवू," हामिदू पुटपुटला.

इसाने सही केली, सियाकाने अंगठा दिला. कागद प्रांतसाहेबांच्या टपालात सर्वांत खाली ठेवून तलातोने तिघांना बाहेर पाठवले. मग तिने खोडरबर घेतला. पेन्सिलीचा शेरा दोनतीनदा घासल्यावर गेला. तिथे कागद जरा पातळ झाला, एवढेच. नावाच्या रकान्यात तिने एक सरळ रेघ मारून वर खरे नाव लिहिले, शेजारी आपली पूर्ण सही केली आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला. उद्या काही घडलेच, तर ही सही तिचीच होती.

अकरा वाजता चौकीचा शिपाई मोटारसायकलवरून आला. तिने छापील तक्त्यावर एकच शब्द लिहिला, त्यावर पाणचट शिक्का उमटवला आणि पाकीट बंद करून त्याच्या हातात दिले.

शिपायाने ते उजेडात धरून पाहिले. "आज हलकं लागतंय, ताई. किती नावं?"

"निरंक," तलातो म्हणाली, आणि तिने रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.