कोरी कड

झुलाल रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचा आणि दुसरं चालू इंजिनावर फिरवायचा. इंजिन मंद चालत असताना आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. कुठे पॅकिंग फाटलं असेल, पाईप तडकला असेल, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तिचा बारीक आवाज येतो. पंख्याच्या नि पट्ट्याच्या गोंगाटात तो इतर कुणाला ऐकू येत नसे. झुलालच्या नळीचं टोक एका जागी थांबायचं. तो अहिराणीत म्हणायचा, "आठे शे," इथे आहे. हिलाल मिस्तरी तिथे कुपीतून थेंबभर ऑइल सोडायचा, भेग क्षणभर बुजायची आणि धडधडणारं इंजिन सरळ व्हायचं. झुलाल चुकला असं कधी झालं नव्हतं.

धुळ्याला आग्रा रोडवरचं हे गॅरेज त्याने आणि मोतीलालने मिळून काढलं होतं. मग एकदा झुलालचा हात जीपखाली असताना मोतीलालने जॅक सोडला. उजव्या हाताची बोटं वाकडी जुळली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मोतीलालने झुलालच्या बायकोला, भिकुबाईला, शब्द दिला, "वहिनी, गॅरेज आहे तोवर झुलालची जागा आहे." पुढे पाटी लागली ती एकट्या मोतीलालच्या नावाची. मोत्या म्हणणारा झुलाल मोतीभाऊ म्हणू लागला. मोठी कामं त्याला होईनात. कान तेवढा उरला आणि त्या कानावर त्याचा पगार चालू राहिला.

मोतीलालला तो हात रोज दिसायचा. झुलाल चहाचा कप डाव्या हाताने धरायचा, तेव्हा मोतीलाल दुसरीकडे बघायचा. अलीकडे तो हिलालला म्हणू लागला होता, "स्वतःहून गेला तर बरं. मी काढलं असं व्हायला नको."

वैशाखातल्या एका सकाळी सावद्याचे केळीचे व्यापारी रुपचंदनाना आपली ॲम्बॅसडर घेऊन आले. गाडीचं काम दुपारच्या आत झालं, पण उन्हात निघायची त्यांची तयारी नव्हती. खुर्चीवर बसून ते उपरण्याने वारा घेत होते.

"मोतीलाल, तुझा तो कानवाला कुठे आहे? त्याचा खेळ दाखव की. वेळ तरी जाईल."

"जेवायला गेलाय. येईल." मोतीलाल थोडं थांबला. "नाना, खेळ बघायचाच तर वेगळा दाखवतो."

त्याने गाडी सुरू करून बॉनेट उघडलं आणि कार्ब्युरेटरखालचा छोटा नट पान्याने थोडा वर फिरवला. पेट्रोल कमी पडू लागलं. इंजिन लगेच धडधडलं, दबलं, पुन्हा धडधडलं. हवा कुठूनतरी शिरत असली की गाडी अशीच वागते.

"आता हवा कुठेच नाही," मोतीलाल म्हणाला. "बघू काय शोधतो ते."

नाना पोट हलवत हसले. हिलालही हसला.

झुलाल आला. मोतीलालने त्याला हाक मारली. "झुलाल, नानांची गाडी हवा घेतेय. लवकर सांग, त्यांना सावद्याला जायचंय."

झुलालने नळी कानाला लावली. कार्ब्युरेटरचा तळ, मॅनिफोल्डचे सांधे, डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक नळी. टोक कुठेच थांबलं नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. मग नळी खाली घेतली.

"हवा नही शे, मोतीभाऊ. माले वाटस, कार्ब्युरेटरखालना नट फिरेल शे."

झुलालने बरोबर ओळखलं होतं. खेळ तिथे संपायला हवा होता.

"नट मी सकाळी स्वतः लावलाय," मोतीलाल म्हणाला. "म्हणजे मला नट लावता येत नाही?"

"तसं नही, भाऊ. एकदाव दखा फक्त."

"नाना, ऐकलं का? मी गाडी बिघडवली म्हणतो हा."

"अरे, तुझ्या कानात मळ असेल!" नाना म्हणाले. "भिकुबाईला सांग, तेल टाक म्हणावं."

"तेल कशाला," हिलाल म्हणाला. "कान गहाण टाकलाय त्याने."

सगळे हसले. झुलालही थोडं हसला, कारण हसणं थांबायचं नाव घेत नव्हतं. मोतीलाल मात्र हसत नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "झुलाल, तुला मी एवढ्याचसाठी ठेवलंय. तेही होत नसेल तर सांग."

झुलालने नळी पुन्हा कानाला लावली. या वेळी तो फार वेळ ऐकत राहिला. त्याच्या मानेवरून घाम उतरत होता. पंखा, पट्टा, टॅपेट यांपलीकडे काही नव्हतं. तिसऱ्यांदा कार्ब्युरेटरच्या तळाशी येताना नळीचं टोक थांबलं.

"आठे शे," तो म्हणाला.

"नक्की?"

"हो. तळनं पॅकिंग गयं."

"मग बदल. तूच बदल."

मोतीलालने नानांना ऑफिसात नेलं आणि उसाचा रस मागवला. हिलाल दुसऱ्या गाडीखाली शिरला. झुलाल डाव्या हाताने पाना धरून आणि उजव्या वाकड्या बोटांनी कार्ब्युरेटरला टेकू देऊन एकटाच काम करत राहिला. फिरवलेला नट त्याच्या बोटांपासून वीतभरही लांब नव्हता. त्याला त्याने हात लावला नाही.

कार्ब्युरेटर सुटला. खालचं कागदी पॅकिंग निघालं. पेट्रोलने काळपट झालेलं, दाबाने चपटं झालेलं, पण चारही बाजूंनी शाबूत. झुलालने ते उजेडाकडे धरून पाहिलं. ऑफिसातून नानांचा आवाज येत होता. झुलालने पॅकिंगची एक कड दातांत धरली आणि फाडली.

नवीन पॅकिंग बसवून त्याने जुनं मोतीलालपुढे धरलं.

"दखा, मोतीभाऊ. आठेनच फाटेल व्हतं."

मोतीलालने ते घेतलं, फाटलेल्या जागी बोट फिरवलं आणि खिशात ठेवलं. "हिलाल, सुरू कर गाडी."

गाडी सुरू झाली. धडधडली, दबली, पुन्हा धडधडली.

झुलाल इंजिनाकडे बघत राहिला. मोतीलाल पुढे झाला. त्याने खिशातून पाना काढून नट होता तिथे खाली आणला. इंजिन एकसारखं, जवळजवळ बिनआवाज चालू लागलं.

नाना हसता हसता खोकले. "मोतीलाल, लेका, तूच फिरवला होतास ना! अन् हा बिचारा पॅकिंग बदलत बसला!"

"नुसतं बदललं असतं तर ठीक होतं, नाना." मोतीलालने जुनं पॅकिंग बाहेर काढलं. "हे बघा. चालत्या गाडीत फाटलं असतं तर कडही काळी झाली असती. ही कोरी आहे. आत्ता फाटलेली. इथे तर दात उमटलेत." त्याने ते झुलालच्या तोंडापाशी नेलं. "लावून बघू? बसतात का?"

हिलाल इतका हसला की त्याला बॉनेटला धरावं लागलं. झुलालने तोंड मिटून घेतलं होतं.

"मी पह्यलेच सांगं व्हतं," तो शेवटी म्हणाला. "नट फिरेल शे म्हणून."

"सांगितलं होतंस," मोतीलाल म्हणाला. "मग हे कशाला केलंस?"

झुलालने नळी गुंडाळून खिळ्याला अडकवली.

त्याला कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला. अमळनेरहून एक टॅक्सी आली होती, मंद चालताना बंद पडत होती. झुलालने नळी कानाला लावली. मॅनिफोल्डच्या मागच्या सांध्यापाशी टोक थांबलं. त्याने मान वर करून मोतीलालच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मोतीभाऊ, आज हवा शे का?"

"तू सांगायचं. मी कसं सांगू?"

"तुम्ही सांगशात तसं."

टॅक्सीवाला एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागला. मोतीलालने हिलालला खूण केली. हिलालने सांध्यांवर एकेक करून ऑइल सोडलं. मागच्या सांध्यावर थेंब पडला आणि इंजिन सरळ झालं. नळीचं टोक अजून तिथेच होतं.

त्या आठवड्यात झुलाल येईनासा झाला. भिकुबाई विचारायला आली, तेव्हा मोतीलालने तिच्यासाठी खुर्ची मागवली, चहा सांगितला.

"वहिनी, मी त्याला जा म्हटलं नाही. विचारा कुणालाही. त्याची जागा आहे तशीच आहे."

भिकुबाईने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात हिलाल एका बॅटरीत पाणी भरत होता. त्यासाठी त्याने झुलालची नळी हवी तेवढी कापून घेतली होती. उरलेला तुकडा खिळ्याला लटकत होता.