जाऊन-येऊन

वॉरंटी संपली आणि म्हाताऱ्याच्या विजेवरच्या गाडीच्या बॅटरीने मान टाकली. बायको गेल्यापासून तो लेकीच्या गावालाच काय तो जायचा.

मेकॅनिक म्हणाला, "काका, नवी कशाला? मेलेले सेल तेवढे बदलतो, स्वस्तात काम होईल. लेकीकडे आरामात पोचाल. परतीसाठी मात्र तिथं रात्रभर चार्जिंगला लावावी लागेल. तेवढाच मुक्काम."

लेक चहा मन लावून करायची, पण कप रिकामा झाला की म्हणायची, "बाबा, अंधाराच्या आत निघा." राहा असं एकदाही म्हणाली नव्हती.

"नवीच टाका."

"अहो, लेकीकडे एक रात्र राहायला तुमचं काय जातंय?"

"नवीच टाका," म्हातारा म्हणाला. "जाऊन-येऊन पुरायला हवी."